देवमासा थांबेल

यादी मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर केली होती. आधी कमाटीबागेतलं म्युझियम आणि त्यातला देवमासा. मग प्राणिसंग्रहालय. मग छोटी आगगाडी. दुपारी बाहेर जेवण. तिथून खंडेराव मार्केटात ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे. परतताना सुरसागराच्या काठावर पंधरा मिनिटं, आणि जमलं तर दांडिया बाजारात मावशीकडे चहा. लेकीचा पहिला वाढदिवस शनिवारी झाला होता, दुसऱ्या दिवशी रविवार. नवऱ्याला सुट्टी होती, बाबा सकाळी आठलाच पायात बूट घालून बसले होते. तिला आपलं बडोदं दाखवायचं, एवढंच आमच्या तिघांच्या मनात होतं.

देवमाशाबद्दल आधी सांगायला हवं. 1944 साली वादळात वाट चुकून तो मही नदीच्या मुखाशी आला. त्याचा सांगाडा तेव्हापासून आमच्या म्युझियममध्ये आहे, लांबी सुमारे 72 फूट. बडोद्यात वाढलेल्या माणसाला लहानपणीचं म्युझियम विचारा, तो आधी देवमासा सांगेल, मग इजिप्तची ममी. मला बाबांनी नेलं तेव्हा मी पाच वर्षांची होते. शेपटीपासून जबड्यापर्यंत मी पावलं मोजत गेले होते. आकडा विसरले, पण बाबांचा हात घट्ट धरला होता तो अजून आठवतो. लेक पोटात होती तेव्हाच मी ठरवलं होतं, हिला पहिल्यांदा तिथेच न्यायचं.

त्या रविवारी आम्ही म्युझियमच्या दारात पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. आत गर्दी, शाळेच्या सहलीही आलेल्या. बाबांनी तिला उंच धरलं. "बघ, बघ, केवढा मासा!" तिनं एकदा वर पाहिलं, बाबांच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि रडायला लागली. आम्हाला वाटलं, घाबरली. आता कळतं, ती घाबरली नव्हती. ती झोपेला आली होती. रोज सव्वादहाला झोपणारं लेकरू साडेदहाला एका अंधाऱ्या दालनात, शंभर मुलांच्या गलक्यात उभं केलं होतं आम्ही. खांद्यात तोंड खुपसणं म्हणजे तिचं "पुरे" म्हणणं होतं. तिच्याकडे त्यासाठी दुसरा शब्दच नव्हता.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्या दिवसाचं अजून वाईट वाटतं. प्राणिसंग्रहालयात ती माझ्या खांद्यावर वीस मिनिटं झोपली, मोराच्या आवाजानं उठली. जेवायला एका उपहारगृहात गेलो. तिला पाजायचं होतं, मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर ओढणी घेऊन बसले, तर तिथला माणूस येऊन म्हणाला, ताई, हे लेडीज टॉयलेटमध्ये करा, फॅमिलीवाले बसलेत. मी उठले. ओल्या फरशीवर, वाहत्या नळाशेजारी उभं राहून माझ्या लेकीला पाजलं. आम्ही कोण होतो मग, फॅमिली नव्हतो? बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत आणि त्यानंतरही अंगावरचं दूध चालू ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सार्वजनिक ठिकाणी आईला बाळाला पाजता येईल अशी सोय करण्याच्या केंद्राच्या सूचना राज्यांनी अंमलात आणाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयानं 2025 च्या फेब्रुवारीत सांगितलं. सोय व्हायला वेळ लागेल, समजतं मला. पण कोपऱ्यातली एक खुर्ची तर होती ना तिथे. तिच्यावर मला बसू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

खंडेराव मार्केट, सुरसागर, मावशी, सगळं राहिलं. घरी आलो आणि ती रात्री नऊपर्यंत रडत होती.

ती झोपल्यावर बाबा झोपाळ्यावर बसले. पाय जमिनीला टेकलेले, झोपाळा हलत नव्हता. बऱ्याच वेळानं म्हणाले, "चुकलं आपलं. तुला नेलं तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. ही एकची आहे."

मी ते पाठकोरं पान पुन्हा हातात घेतलं. देवमासा माझा. छोटी आगगाडी नवऱ्याची, तो सुट्टीत मामाकडे बडोद्याला यायचा तेव्हाची. सुरसागर बाबांचा. मार्केट घरच्या कामासाठी. सात ओळी, त्यातली एकही तिची नव्हती. आम्ही तिला बडोदं दाखवत नव्हतो, आमच्या आठवणी तिच्यासमोर धरत होतो. तिनं त्या ओळखाव्यात, हसावं, म्हणजे आम्हाला बरं वाटेल. एका वर्षाच्या जिवावर केवढं ओझं हे!

त्यानंतर आठवडाभर मी काही ठरवलंच नाही, फक्त तिचा दिवस लिहून काढला. उठते साडेसहाला. दूध. आठच्या सुमारास गुरगुट्या भात नाहीतर नाचणीचं सत्त्व. सव्वादहाला डोळे चोळते, कान ओढते. दीड तास झोप. दुपारी पुन्हा तासभर. या वयाच्या मुलांना रात्रीची आणि दिवसाची मिळून अकरा ते चौदा तास झोप लागते, आणि दिवसाची दुसरी झोप पुढच्या पाच-सहा महिन्यांत कधीतरी आपोआप सुटते, असं तिचे डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे तूर्त तिचा सलग जागेपणा साडेतीन, फार तर पावणेचार तासांचा. त्यात शी-शू, कपडे, खाणं वजा केलं की उरतात दोन तास. मी ज्याला 'दिवसभर बाहेर' म्हणत होते तो तिच्या हिशेबानं दोन तासांचा होता. त्या दोन तासांत एक जागा बसते. दुसरी जागा म्हणजे रिक्षा, ऊन, पुन्हा नवे चेहरे.

एकच जागा म्हटल्यावर कुठली, याला आम्हाला फार विचार करावा लागला नाही. कमाटीबागच. पण यावेळी नुसती बाग. 113 एकरांची ही जागा 1879 पासून लोकांसाठी खुली आहे. बाबांना ही साल सांगायला फार आवडते, कारण तेव्हा सयाजीराव महाराज अवघे पंधरा-सोळा वर्षांचे होते, राज्यकारभार अजून त्यांच्या हाती आलाही नव्हता. मला त्यात आवडतं ते वेगळंच. तिथे बसायला कोणी विचारत नाही. काही विकत घ्यावं लागत नाही. झाडाखाली चादर टाकली की ती जागा तुमची. लहान मूल घेऊन निघालेल्या बाईला शहराकडून लागतं तरी काय? सावली, बसायला जागा, हात धुवायला पाणी, आणि पाजताना कोणी उठवू नये, एवढंच.

बोरन्हाणाच्या सामानाचं बाबांनी सोडवलं. म्हणाले, मार्केटात मी एकटा जातो, तिला तिथे काय करायचंय. खरंच होतं. 1906 सालची ती देखणी इमारत बाबांना कितीही प्रिय असली तरी जानेवारीतल्या गर्दीत तिच्यासाठी तिथे माणसांचे गुडघेच होते. बाबा पिशवी घेऊन गेले आणि दीड तासानं ऊस, बोरं, घाटे, चुरमुरे आणि ओळखीच्या चार लोकांच्या खबरा घेऊन आले. बाळाशिवाय होणारी कामं बाळाला घेऊन करायची नाहीत, हे एवढं साधं आम्हाला आधी का सुचलं नाही, कोण जाणे.

मंगळवार निवडला, रविवारची गर्दी नको म्हणून. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून मी आणि बाबा. पिशवी आदल्या रात्री भरली. दोन लंगोट, दोन डायपर, एक झबलं जास्तीचं, ओलं पुसायला मऊ फडकं, उकळून गार केलेलं पाणी, तिची वाटी-चमचा, थर्मासमध्ये मऊ खिचडी, एक केळं. बिनसाखरेचं सगळं. दोन वर्षांपर्यंत वरची साखर नको, हे बाबांना अजून पटत नाही, पण माझ्यासाठी पाळतात. शेंगदाणे, चिक्की, चुरमुरे पिशवीत मुद्दाम घेतले नाहीत. संक्रांतीच्या दिवसांत जो तो प्रेमानं लहान मुलाच्या हातावर काहीतरी ठेवतो, आणि अख्खा शेंगदाणा एवढ्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतो. बोरन्हाणातही बोरं तिच्या डोक्यावरून पडली की मागून एका माणसानं फक्त वेचत राहायचं, हे काम मी आत्येला सांगून ठेवलं होतं. बाबागाडी घरी ठेवली. आमच्या रस्त्यांच्या कडेनं ती ढकलण्यापेक्षा उचलावीच जास्त लागते. छातीशी बांधायची झोळी घेतली. ती चालायला शिकत होती, दोन पावलं टाकून बसायची, त्यामुळे तिचे पाय मोकळे राहणं महत्त्वाचं होतं.

आणि स्कूटर नाही. उत्तरायण आठ दिवसांवर होतं. बडोद्यात या दिवसांत रस्त्यावर कापलेल्या पतंगांची दोरी लोंबत असते, दिसत नाही, आणि काच पाजलेली दोरी गळा चिरते. लोक दुचाकीला समोर तारेची कमान लावतात, गळ्याला मफलर गुंडाळतात. नायलॉनच्या मांजावर बंदी आहे, तरी दरवर्षी तो कुठून ना कुठून येतोच. मूल पुढ्यात उभं करून स्कूटर हाकणारे आईबाप पाहिले की मला थांबवून सांगावंसं वाटतं. दोन-तीनदा सांगितलंही. रिक्षाच करा या आठवड्यात, कृपा करा.

आमचा रिक्षावाला तिला बघूनच म्हणाला, "बेन, बेबी छे एटले धीमे लईश." आणि खरंच हळू नेली.

आठ वाजता बागेत धुकं अजून विश्वामित्रीवर होतं. पुलावर बाबा थांबले. नदीत मगरी आहेत, हे बाहेरगावच्या माणसाला सांगितलं की त्याला खरं वाटत नाही, शहराच्या मधोमध. 2024 च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा त्या रस्त्यांवर, अंगणांत आल्या होत्या. लेक तेव्हा पाच महिन्यांची पोटात होती, आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावरून खालचं पाणी मोजत बसलो होतो. बाबा कठड्यावरून वाकून मगर शोधायला लागले. मग स्वतःच सरळ झाले आणि म्हणाले, "नको. चल."

एका मोठ्या शिरीषाखाली चादर टाकली. स्वेटर काढला, टोपडं ठेवलं. आणि मग आम्ही काहीही केलं नाही. हे जमायला मला जरा वेळ लागला. माझी बोटं सारखी काहीतरी दाखवायला उठत होती. बाबांनी डोळ्यांनीच थांबवलं.

पहिली दहा मिनिटं ती चादरीची कड धरून बसली. फिरायला आलेले आजोबा, पायांत पायमोजे घातलेल्या बायका, सगळ्यांचे पाय तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून जात होते. कोणी थांबून बोललं तर ती माझ्याकडे बघायची, मी हसले तर तीही हसायची. मग एक वाळकी शेंग तिच्या पुढ्यात पडली. शिरीषाच्या शेंगा जानेवारीत पेंढ्याच्या रंगाच्या होतात, कागदासारख्या पातळ, आत बिया सुट्या. वारा आला की सगळं झाड खुळखुळतं. तिनं शेंग उचलली. आधी तळहातानं नाही, अंगठा आणि पहिलं बोट जोडून, कडेनं. हलवली. आवाज आला. ती थांबली. शेंग खाली ठेवली, तिच्याकडे बघत राहिली. पुन्हा उचलली, हलवली. पुन्हा आवाज. मग तिनं मान वर केली.

मला वाटलं, माझ्याकडे बघतेय. नाही. वाऱ्याची झुळूक आली होती आणि वरचं झाड वाजत होतं. तिनं हातातली शेंग पाहिली, मग वर पाहिलं, आणि बोट वर केलं. "तँ." असं काहीतरी. हा तिचा नवा शब्द होता, किंवा शब्द होण्याच्या आधीचं काहीतरी. वर्षाच्या आसपास मुलं बोट दाखवायला लागतात, कधी काही हवं म्हणून, कधी फक्त 'हे बघ' म्हणून. त्या दिवशी तिला काही नको होतं. झाडावर तोच आवाज आहे, एवढंच ती आम्हाला सांगत होती.

बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "हो गं बाई. ते झाड आहे." मी काही बोलू शकले नाही. त्या रविवारी आम्ही तिला दिवसभर दाखवत होतो. आज पहिल्यांदा ती दाखवत होती आणि आम्हाला बघायला वेळ होता.

शेंग तोंडात जाणारच होती, म्हणून एक टोक मी धरून ठेवलं. बाकी अर्धा तास ती, ती शेंग आणि झाड. खिचडी खाल्ली. केळं माझ्या ओढणीला लागलं. झाडाच्या बुंध्याला धरून उभी राहिली, तीन पावलं बाबांकडे टाकली. मी तिथेच, बुंध्याला टेकून, तिला पाजलं. शेजारच्या बाकावरच्या एका बाईंनी, साठीच्या असाव्यात, काही न बोलता आपली शाल बाकाच्या पाठीवर पसरली आणि आमच्या बाजूला पाठ करून बसल्या. आडोसा झाला. उठताना मी त्यांना "आवजो" म्हटलं, त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

पावणेदहाला मी सामान आवरायला घेतलं. ती खुशीत होती, अजून खेळली असती. पण ती खुशीत असतानाच निघायचं हे मी ठरवून आले होते. डोळे चोळायला लागल्यावर निघालं की परतीचा रस्ता रडण्यात जातो, आणि बाहेर जाण्याची तीच आठवण तिच्याजवळ राहते. बाबांना म्युझियम बाजूनं दिसलं. 1894 सालची ती इमारत सकाळच्या उन्हात लाल-पिवळी दिसत होती. ते एवढंच म्हणाले, "देवमासा थांबेल." एवढी वर्षं थांबलाय, अजून चार वर्षं थांबेलच.

बागेच्या बाहेर रस्त्याकडेला दोरी रंगवणारे बसले होते. हे मात्र यादीत नव्हतं. दोन खांबांमध्ये शेकडो दोरे ताणलेले, गुलाबी, इतके गुलाबी की खालची माती, कामगाराचे हात, त्याचा सदरा सगळं त्याच रंगाचं. एक मुलगा फिरकी फिरवत होता, चाक घरघरत होतं, दोरी एका खांबावरून सुटून त्याच्याकडे सरकत होती. लेक झोळीतून मान बाहेर काढून बघायला लागली. चाकाकडे, मग दोरीकडे, मग चाकाकडे. मी दोन हात लांब उभी राहिले. फिरकीवाला मुलगा म्हणाला, "अडता नहीं, काच छे." हात लावू नका, काच आहे. आणि तिच्याकडे बघून त्यानं फिरकीचा वेग कमी केला, म्हणजे तिला नीट दिसावं. पाच मिनिटं आम्ही तिथे उभे होतो. बाबा म्हणाले, त्यांच्या लहानपणी त्यांचे मामा गच्चीवर काच कुटून दोरी पाजायचे, आणि घरात कुणालाही तिथे फिरकायला बंदी असायची. इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

रिक्षात बसल्या बसल्या तिचं डोकं माझ्या छातीवर पडलं. सव्वादहाला पाच मिनिटं कमी होती. कारेलीबागेत आमच्या गल्लीत पोचेपर्यंत ती गाढ झोपली होती. मी उतरायला वाकले तर रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं. "सूवा दो, बेन. मने उतावळ नथी." मग त्यानं खिशातून मशेरी काढली आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

आम्ही दोघं रिक्षात बसून राहिलो. वर कुठेतरी कुणीतरी पतंग कापला, गच्चीवरून ओरडा झाला, ती हलली नाही. शेंग अजून तिच्या मुठीत होती. झोप खोल गेली तशी बोटं एकेक करून सुटली. बाबांनी शेंग अलगद काढून घेतली, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी ठेवली, आणि आवाज होऊ नये म्हणून खिशावर हात दाबून धरला.